मधली पस्तीस वर्षे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि जुन्या मोटारींना आपल्या कायद्यात पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी आता विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती बाहेर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे, तो व्हायलाच हवा होता. पण या नियमाच्या चौकटीतून नेमक्या त्याच गाड्या निसटतात, ज्या सर्वांत दुर्मीळ आहेत आणि ज्यांच्यात आपल्या माणसांचे हात सर्वाधिक राबले आहेत. त्या म्हणजे शर्यतीच्या गाड्या आणि इथेच घडलेल्या मोजक्या स्पोर्ट्स कार. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बसून याची काळजी का करावी, असे कोणी विचारेल. त्याचे एक उत्तर आपल्या नंबरप्लेटवरच आहे. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि एमएच-३८ ही ओळख त्यानंतरची. म्हणजे एमएच-३८ वर पहिले पासिंग झालेली कोणतीही गाडी २०४९ च्या आधी विंटेज ठरणार नाही. तोवर ती कायद्याच्या नजरेत नुसती जुनी गाडी आहे, आणि जुन्या गाडीचे काय करायचे हे सरकारने ठरवून टाकले आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा ते पन्नास ही मधली पस्तीस वर्षे गाडीने कशी काढायची, याबद्दल विंटेज नियम काही बोलत नाही. दुसरे नियम मात्र भरपूर बोलतात. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० वर गेले, बाहेरून आणलेल्या मोटारींसाठी तर ८०,००० वर. फिटनेसची तपासणी वेगळी, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. देशी बनावटीची गाडी पन्नाशीपर्यंत न्यायची तर आजच्या दराने केवळ नूतनीकरणाचे साठ हजारांच्या वर होतात. त्याच वेळी गाडी मोडीत काढली तर नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. या दोन टोकांमध्ये बेताच्या मिळकतीचा मालक काय करील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. गाडी भंगारात जाते. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाडीचा आपण सन्मान करतो, पण तिथवर पोहोचण्याची वाट आपणच बंद करून ठेवली आहे.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांना या वाटेची गरज नव्हती. त्यांना त्यांच्या किमतीने वाचवले. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांची १९३५ ची ड्युसेनबर्ग एसजे घ्या. सांगाडा आणि सुपरचार्ज केलेले इंजिन अमेरिकेचे, वरचा सगळा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचा. केशरी-काळ्या रंगातली, लांबच लांब बॉनेटची आणि मागे निमुळती होत गेलेली ती स्पीडस्टर जगातल्या सर्वांत देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये गणली जाते. ती पुढे अमेरिकेत गेली आणि आज जपलेली आहे. होळकरांच्या माणिकबाग महालातले सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकले गेले. एका मराठी घराण्याची रसिकता परदेशात गेली याची हळहळ वाटते, पण वस्तू नष्ट झाल्या नाहीत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक तर घरातच आहे. दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि तिच्याभोवती माणसांची दाटी होते. आपल्या मराठवाड्यावर ज्यांची सत्ता १९४८ पर्यंत होती, त्या निजामांच्या घराण्याची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. निजाम सरकारने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली, त्या काळातली एक अल्बियन बससुद्धा हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. तिला ना हिरे-माणके होती ना राजाचे नाव. एका सार्वजनिक संस्थेला ती ठेवावीशी वाटली, म्हणून ती राहिली.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली आणि शर्यतीची हौस असलेल्यांना हाताशी असलेल्या गाडीतूनच वेग काढावा लागला. हाताशी होती फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९५४ पासून बाहेर पडू लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, घरच्या सगळ्यांना पुरेल एवढी जागा. अशी कुटुंबाची गाडी मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या, युद्धकाळानंतर पडून असलेल्या विमानतळावर शर्यतीला उतरली. तिला शर्यतीची बनवण्याचे काम गॅरेजात झाले. हेड उतरवायचे, लेथवाल्याकडे नेऊन अगदी थोडे तासून घ्यायचे, म्हणजे सिलिंडरमधली जागा कमी होऊन दाब वाढतो. जास्त तासले तर गॅस्केट उडते, कमी तासले तर फरक पडत नाही, आणि तो थोडेपणा किती हे कोणत्याही पुस्तकात नसे, मिस्त्रीच्या बोटांत असे. मग हवा आत जाण्याच्या वाटा घासून गुळगुळीत करायच्या, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर बसवून दोघांचा सूर जुळवायचा, फ्लायव्हीलचे वजन उतरवायचे. मागची सीट, बंपर, आतले अस्तर सगळे काढून टाकायचे. चार दारांच्या त्या साध्या गाडीतून जे निघे ते फियाट कंपनीने कधीच बनवलेले नव्हते. ते भारतीय मिस्त्रींनी बनवलेले यंत्र होते. आपल्या देशात शर्यतीच्या गाड्यांचा जो काही स्वतःचा इतिहास आहे तो प्रामुख्याने इथे आहे, आणि त्यातली फारच थोडी पाने शिल्लक आहेत.

वयाच्या हिशेबात या फियाट आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. तरीही त्या विंटेज नोंदणीत बसत नाहीत, कारण नियमाची दुसरी अट आड येते. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, असे नियम म्हणतो. घरगुती गाडीसाठी ही अट योग्यच आहे, नाहीतर जुन्या पत्र्याखाली नवे इंजिन टाकून कोणीही विंटेज पाटी लावील. पण शर्यतीच्या गाडीचा फेरबदल हाच तिचा इतिहास असतो. १९६५ मध्ये तासलेले हेड आणि २०२० मध्ये टाकलेले नवे इंजिन या दोन गोष्टी नियमाच्या भाषेत एकच ठरतात. मालकाला नोंदणी हवी असेल तर त्याने तो इतिहास खरवडून काढावा आणि गाडी पुन्हा शोरूममधल्यासारखी करावी, असाच या अटीचा अर्थ होतो. जतनासाठी केलेला नियम इथे जतनाच्या विरुद्ध काम करतो. यापुढची अडचण आणखी मूलभूत आहे. एका माणसाची बसायची जागा असलेली, चाके उघडी असलेली निव्वळ शर्यतीची गाडी कधीच आरटीओकडे जात नाही. तिचे पासिंग होत नाही, तिला आरसी बुक नसते. नियमातली पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहेत, आणि या गाडीला ती तारीखच नाही.

इतरांनी हा गुंता सोडवलेला आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक नोंदणी मिळते आणि त्या गाडीच्या काळात जे बदल प्रचलित होते ते आड येत नाहीत. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर आणि वार्षिक तपासणी दोन्हींतून सूट मिळू शकते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची मर्यादाही तीस वर्षांचीच आहे. इटलीतली मिले मिल्या ही रस्त्यावरची शर्यत १९२७ ते १९५७ या काळात धावली. आज त्याच नावाने जो सोहळा होतो त्यात त्या तीस वर्षांत शर्यतीला उतरलेल्या मॉडेलांनाच प्रवेश असतो. म्हणजे तिथे शर्यतीत धावणे ही पात्रता आहे, आपल्याकडे तीच अपात्रता ठरते. जागतिक मोटार महासंघ, एफआयए, जुन्या शर्यतीच्या गाड्यांना तांत्रिक पासपोर्ट देतो. कोणत्या साली कोणता भाग कोणत्या मापाचा होता, याची ती नोंद असते. असा कागद असेल तर आरसी बुक नसले तरी गाडीला वय आणि ओळख मिळते.

फियाटपेक्षाही माझ्या मते अधिक चिंतेची आहे ती सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार गोव्यात तयार होऊ लागली. रूप फ्रान्समधल्या आरेखकांचे, इंजिन रेनोचे ११४९ सीसीचे, ताकद साठ अश्वशक्ती आणि बॉडी फायबरची. आकड्यांवरून ती कोणाला थक्क करणार नाही. पण जुन्या कुठल्याही गाडीचा सांगाडा उसना न घेता स्पोर्ट्स कार म्हणूनच घडवलेली आणि ग्राहकाला विकलेली गाडी या देशात क्वचितच झाली, आणि ही मराठी मुलखाच्या दारात झाली. ती फार खपली नाही, म्हणूनच ती दुर्मीळ आहे. विशीच्या पुढची ही गाडी आज मधल्या पस्तीस वर्षांच्या ऐन पेचात आहे. सुटे भाग बाजारात नाहीत, फायबरला तडा गेला तर पत्र्यासारखे ठोकून चालत नाही, थरावर थर चढवून सांधावे लागते, आणि पन्नाशी गाठायला अजून जवळजवळ दोन तपांचा काळ आहे. आज काही केले नाही तर २०५० मध्ये विंटेज पाटी लावायला एक तरी सॅन स्टॉर्म उरेल का, ही शंका रास्त आहे. अपयशी गाडी कशासाठी जपायची, असा प्रश्न येईल. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये दोन आसनांच्या लहान गाडीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे कित्येक वर्षे 'मीरा' या छोट्या गाडीवर ते खपत राहिले. ती कधी कारखान्यातून निघाली नाही. तरी जनतेच्या स्वस्त गाडीचा विचार महाराष्ट्रात किती आधी, किती बारकाईने झाला होता, हे कळायला मीराच पाहावी लागते. यशस्वी गाड्यांचे लाखो नमुने आपोआप मागे राहतात. फसलेल्या प्रयत्नाचे एक-दोनच असतात, आणि ते गेले की प्रयत्न झाला होता हेही विसरले जाते.

सर्वांत जोरकस आक्षेप आपल्याच जिल्ह्यातून येईल, आणि तो हलक्यात घेता येणार नाही. हळदीचा भाव पडला की वसमतच्या बाजारात माणसे हवालदिल होतात, सेनगाव-कळमनुरीच्या गावांत पावसाने ओढ दिली की पेरणी वाया जाते, आणि इथे शर्यतीच्या मोटारींची चिंता? हा हौशी श्रीमंतांचा प्रश्न नाही काय? उलट आहे. श्रीमंतांच्या गाड्यांना माझ्या मागणीची गरज नाही, होळकरांची ड्युसेनबर्ग सुरक्षित आहे. कायद्याचा आधार हवा तो ज्यांच्या किमतीत त्यांचे रक्षण नाही अशा गाड्यांना, आणि त्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत, गॅरेजांच्या मागच्या अंगणात, तालुक्याच्या गावांत ताडपत्रीखाली उभ्या असतात. शिवाय यासाठी सरकारच्या तिजोरीतून काही द्यायचे नाही, नियमात चार ओळी घालायच्या आहेत. शर्यत ही आपल्याला परकी गोष्ट आहे असेही कोणी म्हणू नये. विदर्भाला लागून असलेल्या आपल्या भागात शंकरपट हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वैध ठरवला. ती लढाई शेतकऱ्यांनी लढली, कारण शर्यत ही त्यांना आपली वाटत होती. समाजाने एखादी गोष्ट आपली मानली की कायदा तिला जागा करून देतो. मिस्त्रींनी घडवलेल्या यंत्रालाही आपण आपले म्हणायला हवे.

प्रदूषणाचा आक्षेपही खरा आहे. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीचा धूर आजच्या बीएस-६ गाडीपेक्षा कितीतरी वाईट असतो, आणि तशा गाड्या रोज रस्त्यावर फिरू द्याव्यात असे मी म्हणत नाही. पण धूर गाडीच्या वयावर जेवढा अवलंबून आहे तेवढाच ती किती धावते यावर. विंटेज गाड्यांवर वापराची जी बंधने आहेत तीच मधल्या वर्षांतल्या निवडक गाड्यांवर घाला, वर्षाला किलोमीटरची मर्यादा ठेवा, पण त्या बदल्यात नूतनीकरणाचा भार उतरवा. मग प्रत्येक जण आपली वीस वर्षांची खटारा गाडी वारसा म्हणून पुढे करील, अशीही भीती दाखवली जाईल. ती निवारता येते. निकष वयाचा न ठेवता संख्येचा आणि इतिहासाचा ठेवावा. ज्या मॉडेलचे उत्पादनच मोजके झाले, किंवा जी गाडी मान्यताप्राप्त शर्यतीत धावल्याचा लेखी अथवा छायाचित्राचा पुरावा आहे, तीच पात्र. विंटेज अर्ज तपासायला राज्याची समिती नेमण्याची सोय २०२१ च्या नियमांत आहेच. तिलाच हे काम द्यावे आणि मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय महासंघाकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून, शर्यतीच्या गाड्यांची वेगळी नोंदवही ठेवून घ्यावी. मोडतोड केंद्रांनाही एक अट हवी. गाडी कापण्याआधी ती या यादीत बसते का हे तपासावे आणि बसत असेल तर काही आठवडे थांबून समितीला कळवावे. चालू गाड्यांच्या गर्दीत अशी गाडी क्वचितच निघेल, म्हणूनच हे थांबणे कोणाला जड जाणार नाही.

यातला मला सर्वांत निकडीचा वाटणारा भाग मात्र माणसांचा आहे. नवे प्रदूषण नियम २००० पासून लागू होत गेले आणि कार्बुरेटरच्या मोटारी बाजारातून गेल्या. ज्या मिस्त्रीचा हात कार्बुरेटरवर बसला तो आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहे. दोन कार्बुरेटरचा सूर कानाने जुळवणारा, बेअरिंग हाताने घासून बसवणारा, पत्रा तापवून बॉनेटचा बाक परत आणणारा माणूस आणखी पंधरा वर्षांनी शोधून सापडणार नाही, आणि त्याच्याबरोबर ही विद्या जाईल, कारण ती कुठे लिहिलेली नाही. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जोडून सहा महिन्यांचा जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीचा वर्ग मराठवाड्यातल्या एखाद्या संस्थेत सुरू व्हावा, आणि तिथे शिकवायला डिग्रीची अट न घालता अशा मिस्त्रींना मानधनावर बोलवावे. जुनी गाडी पुन्हा उभी करण्याच्या कामाला देशातल्या मोठ्या शहरांत आज चांगली मजुरी मिळते आणि त्या कामाची माणसे मिळत नाहीत. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. बारीक मापाचे काम हा हिंगोलीचा विषय नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

नियम बदलायला वेळ लागेल, पण वाचकांनी थांबण्याचे कारण नाही. घरात जुन्या गाडीचे आरसी बुक, कुर्ल्याच्या कारखान्याची पावती, जुहू किंवा शोलावरमचा एखादा फोटो, शर्यतीचे प्रमाणपत्र असेल तर ते रद्दीत घालू नका. गाडी उरली नसली तरी कागद ठेवा, त्यावर सालाची आणि माणसांच्या नावांची नोंद करा. आणि ओळखीतला म्हातारा मिस्त्री अजून गॅरेजात बसत असेल तर त्याने कोणत्या गाडीवर काय काम केले ते त्याच्याकडून याच महिन्यात लिहून घ्या.